दोन मडकी आणि एक पोर

ऐका लहानग्यांनो, आणि कान जाग्यावर असतील तर मोठ्यांनीही ऐका. फार फार वर्षांमागं एका खाडीकाठच्या गावात डोंगरातले गोरे लोक आणि दर्यावरचे काळे लोक शेजारी शेजारी राहत. देवळाला मातीची एक लांब भिंत होती. मूल वयात आलं, की त्यानं भिंतीवर पंजा उमटवायचा. डोंगरवाल्यांनी चुन्याचा पांढरा, दर्यावाल्यांनी गेरूचा तांबडा. पंजा उमटला, की मूल त्या लोकांचं झालं.

गावात एक पोर होती. बाप डोंगरातला, आई दर्यावरची. हिचा रंग ना बापाचा, ना आईचा.

बापाची आई तिला रोज डाळीचं पीठ चोळी. म्हणे, "माझ्या लेकाचं रक्त आहे, उजळेल!" मामा म्हणे, "ये गं उन्हात, आमच्यासारखी दिस." दोघांचाही जीव होता हो तिच्यावर! पण या ओढाताणीत पोरीचा जीव मेटाकुटीला आला. पाणवठ्यावर मुली चिडवत, "धड इकडची ना धड तिकडची!" ती हसून सोडून देई, पण घरी तिला घास जात नसे. पोर झिजत चालली, आणि आई नुसती बघत राहिली.

पंज्याचा दिवस उजाडला. आजीनं चुन्याचं मडकं पुढं केलं, मामानं गेरूचं.

पोरीनं दोन्ही मडक्यांकडं पाहिलं. इकडं हात बुडवला तर आई परकी, तिकडं बुडवला तर बाप.

"आजी, चुना कशाचा गं करतात?" तिनं विचारलं.

"शिंपले भाजून, बाई."

"शिंपले कुठले?"

"दर्याचे," आजी मडक्यात बघत म्हणाली.

"मामा, गेरू कुठून आणलास?"

"डोंगरातून," मामा हळूच म्हणाला.

"दर्याचे शिंपले तुम्हाला चालतात, डोंगराची माती चालते. मग मीच तेवढी का चालत नाही?" आणि तिला रडू फुटलं.

तेव्हा आजीनंच तिचा एक हात चुन्यात बुडवला आणि मामावर खेकसली, "बघतोस काय? दुसरा तू धर!"

भिंतीवर पहिल्यांदाच एका पोरीचे दोन पंजे उमटले. त्या दुपारी तिनं आपणहून भाकरी मागितली. आईनं डोळे पुसत वाढली.

म्हणून सांगते, लेकराला अर्धं करून मागू नये. अर्धं मागणाऱ्याच्या हाती लेकरू लागतच नाही.