तेजोमेघाची निळी बाजू

तो तारा तांबूस असायला हवा होता. चित्रात तो पांढराफटक दिसत होता. एका गावात राहणाऱ्या हेमांगीला पहिल्यांदा खटकलं ते एवढंच.

असेल काहीतरी, म्हणून तिने ते सोडून दिलं. मांजर शिंकलं तरी दचकणारी मुलगी ती, पण त्या दिवशी नेमकी दचकली नाही. कारण बाकीचं चित्र फार देखणं झालं होतं.

चित्र होतं धनु राशीतल्या एका तेजोमेघाचं. हा मेघ एका बाजूने लाल, एका बाजूने निळा. लाल बाजूला हायड्रोजन वायू आहे, तो स्वतःच उजळतो. निळी बाजू म्हणजे नुसती धूळ. शेजारच्या ताऱ्यांचा उजेड तिच्यावर पडतो, म्हणून ती दिसते.

हेमांगीच्या गावात साखर कारखाना होता. त्याच्या दिव्यांनी आभाळ फिकं पडायचं. म्हणून ती दुर्बिणीतल्या कॅमेऱ्यापुढे एक खास काच लावी. ती काच हायड्रोजनचा लाल उजेड तेवढा आत सोडी, बाकी सगळा अडवी. फोटो काळापांढरा यायचा, पण वायूचा एकेक धागा मोजून घ्यावा इतका स्वच्छ. रंग मात्र तिच्याकडे नव्हते. रंग होते तांबोळी सरांकडे.

तांबोळी सर तिचे शाळेतले चित्रकलेचे शिक्षक. निवृत्त झाल्यावर ते माळावरच्या आपल्या गावी गेले. तिथे रस्त्याला दिवासुद्धा नव्हता. साध्या रंगीत कॅमेऱ्याने त्यांनी अकरा रात्री बसून तोच मेघ टिपला. डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता, त्यामुळे स्वतः टिपलेले रंग त्यांना धड दिसत नव्हते.

"हेमांगी, खरं सांग, निळं आलंय का गं?" ते फोनवर विचारायचे. "मला तर सगळं चहात बुडवल्यासारखं दिसतंय."

"आलंय सर. मस्त आलंय."

"मग झालं तर. ऑपरेशननंतर आधी ते निळं बघणार. त्यावरूनच कळेल, डॉक्टरने काम केलंय की नुसतीच पट्टी बांधलीय."

दोघांचे फोटो एकत्र करायचं काम हेमांगीकडे होतं. तिने रंग सरांचे घेतले आणि उजेड, म्हणजे कुठे किती उजळ दिसावं ते, सगळाच्या सगळा आपल्या फोटोचा. आपला फोटो किती रेखीव, सरांचा किती धूसर! जे रेखीव तेच खरं, असं तिला वाटलं. चित्र मोठं छापून, फ्रेम करून तिने एसटीने सरांच्या घरी पाठवलं. सरांच्या बायकोने, म्हणजे चाचींनी, ते ऑपरेशन होईपर्यंत न उघडता कपाटावर ठेवून दिलं.

सरांच्या डोळ्याची पट्टी सुटायच्या दिवशी दुपारी हेमांगीला तो तारा परत आठवला. तिला राहवेना. तिने सरांचा रंगीत फोटो एकटाच उघडला, शेजारी आपलं चित्र ठेवलं.

सरांच्या फोटोत तारा तांबूस होता; तिच्या फोटोच्या झगझगीत उजेडाने तो रंग धुऊन काढला होता. मेघाची एक बाजू गोकर्णाच्या फुलासारखी निळी होती. तिच्या चित्रात त्या जागी करडा धूर होता.

निळ्या धुळीत हायड्रोजनचा उजेड जवळजवळ नसतोच. हेमांगीच्या काचेला ती बाजू कधी दिसलीच नव्हती. आपल्या फोटोत अंधार आहे म्हणजे तिथे काही नाहीच, असं तिने धरलं होतं. त्या अंधारात सरांच्या अकरा रात्री बुडाल्या होत्या.

तिच्या थोरल्या बहिणीने, वसुधाताईने, मागून डोकावून पाहिलं. "एवढं तोंड पाडायला काय झालं? छानच दिसतंय की. सरांना काय कळतंय?"

"ताई, ते निळं शोधतील. नाही दिसलं की म्हणतील, ऑपरेशन फसलं, माझा डोळा गेला."

"मग नंतर गुपचूप दुसरं पाठव. फोन करून आपलीच चूक ओरडून कशाला सांगायची? आणि तू सांगणार? उसळ करपली तर कबूल करायला तुला दोन दिवस लागतात."

खरंच होतं ते. सर काय म्हणतील? पोरीवर विश्वास टाकला आणि तिने माती केली, असंच ना? गप्प बसणं फार सोपं होतं. पण तीन वाजता पट्टी सुटणार होती आणि चारला सर घरी येणार होते.

तिने फोन लावला. घंटा वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला. चाचींचाही लागेना.

तिने चित्र पुन्हा जुळवायला घेतलं. या वेळी उजेड सरांचा ठेवला, तारेही सरांचेच. आपला फोटो फक्त लाल रंगात मिसळला, तोही बेताने. तारा तांबूस झाला. निळी बाजू हळूहळू वर आली. चित्र आता तितकं रेखीव नव्हतं. पण दोघांचं होतं.

मध्येमध्ये ती फोन लावतच होती. सव्वाचार वाजले. सातव्या खेपेला कुणीतरी फोन उचलला आणि हेमांगी खुर्चीतून दचकून उभीच राहिली.

"हेमांगी?" सरांचा आवाज अगदी खाली गेला होता. "दवाखान्याचा काळा चष्मा आत्ता काढला बघ. पहिली तुझी फ्रेमच समोर घेतली. लाल दिसतंय, बाळ. निळं काही दिसत नाही."

"सर, तुमचा डोळा चांगला आहे," ती एका दमात म्हणाली. "निळं तुम्ही आणलं होतं. ते मी पुसलं."

तात्पर्य: आपल्याला दिसत नाही ते नाहीच, असं धरू नये, आणि दुसऱ्याने जपून आणलेलं आपल्या हातून पुसलं गेलं, तर त्याने स्वतःला दोष देण्याआधी आपण होऊन सांगावं.