दोराचं दुसरं टोक

"मग ह्यातला कुठला घालू?" भार्गवने तिसऱ्यांदा विचारलं.

म्हातारे लवू तांडेल भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्यापुढे चटईवर आठ दोर ओळीने मांडले होते, सगळे गोधडीच्या सुईतून सहज ओवता येतील इतके बारीक. शेजारी भार्गवने बांधलेला हातभर लांबीचा मचवा होता, शिडाच्या होडीची लाकडी प्रतिकृती. नाव 'रवळप्रसाद'. खरा रवळप्रसाद त्याच्या वडिलांचा, आणि तो मोडीत निघून पंचवीस वर्षं झाली होती.

भार्गव कोयंडे म्हणजे मोजपट्टीचा माणूस. बोटीवर इंजिनीअर म्हणून त्याने उभी हयात काढली. निवृत्त होऊन गावी आला तेव्हा बायको आधीच गेलेली, मुलगी परदेशात. लहान गलबतं बांधायला शिकायचं म्हणून तो लवू तांडेलांकडे येऊ लागला. दोन महिन्यांतच त्याला वाटलं, म्हाताऱ्याकडे शिकण्यासारखं फार काही उरलेलं नाही. तरी तीन वर्षं दर सोमवारी तो खाडीकाठच्या या खोपटात येत होता. घरी बोलायला कोणी नाही, हे त्याने स्वतःशीसुद्धा कधी कबूल केलं नव्हतं.

मचव्याच्या फळ्या जमल्या, सुकाणू जमलं, शीड तर देखणं झालं. दोर चढवायची वेळ आली आणि घोडं तिथे पेंड खाऊ लागलं. विकत मागवलेले सात दोर होते. एक चकाकायचा, एकाला लव सुटायची, एक गाठ धरायचा नाही. शेवटी त्याने घरी यंत्र लावून आठवा दोर स्वतः वळला आणि छाती फुगवून मचव्यावर चढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर त्या दोराने डोलकाठी धनुष्यासारखी वाकवून ठेवलेली.

नारळी पौर्णिमा आठ दिवसांवर आली होती. त्या दिवशी मचवा रवळनाथाच्या देवळात ठेवायचा होता. गाव बघणार होतं, पण गावाचं भार्गवला काही नव्हतं. भिवा बघणार होता.

भिवा त्याचा धाकटा भाऊ. वडिलांबरोबर रवळप्रसादवर राबलेला. वडील गेल्यावर भार्गव रजेवर आला, मचवा जुना झाला म्हणाला, आणि भिवा सासुरवाडीला गेला असताना तो मोडीत काढून मोकळा झाला. भावाला विचारलंसुद्धा नाही. भिवा परत आला, रिकामा धक्का बघून घरी गेला आणि दुसऱ्या दिवसापासून दोन घरांच्या मध्ये त्याने दगडी गडगा घालायला घेतला. तेव्हापासून शब्द नाही. सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही, असं गाव दोघांबद्दलही म्हणे.

मचवा खरा उतरला की नाही, हे सांगू शकेल असा आता तो एकच माणूस उरला होता. भार्गवला झोप येत नव्हती ती त्यामुळे.

तांडेलांना मोतीबिंदूने फारसं दिसत नव्हतं. ते एकेक दोर उचलत, खालच्या ओठावरून हलकेच ओढत आणि बाजूला ठेवत. असे सात झाले. आठव्याला थांबले. तो त्यांनी ओठावरून नेला, मग मधोमध धरून सैल सोडला. दोर गांडुळासारखा स्वतःभोवतीच वळवळला आणि त्याचा गुंता झाला.

"ह्यो कोणी वळलो?"

"मी."

"दुसऱ्या टोकाक कोण होतो?"

भार्गवला प्रश्नच समजला नाही. त्याने यंत्राची सगळी हकीकत सांगितली. टेबलाला घट्ट आवळलेलं ड्रिल, फेरे मोजायचा काटा, समोर ओसरीच्या खांबात ठोकलेला तीन इंची खिळा. एक केसभर इकडचं तिकडे होणार नाही अशी व्यवस्था. सांगता सांगता त्याचा आवाज थोडा चढलाही.

"म्हंजे खिळो होतो," तांडेल म्हणाले.

"हो. खिळा."

"खिळो कधी पुढे येता?"

"...नाही."

"आणि तू?"

"मी कशाला? ड्रिल टेबलाला आवळलं होतं."

"म्हंजे दोघांतलो कोणच हललो नाय."

भार्गवने बाहेर बघितलं. खाडीला ओहोटी लागली होती. चिखलात एक होडी कलती पडून होती आणि तिच्याकडे बघायला कोणी नव्हतं.

तांडेल भिंत धरून उठले. भिंतीवर खुंट्यांची रांग होती आणि प्रत्येक खुंटीला बारीक दोराचं एकेक वेटोळं. तीन वर्षं भार्गव ती वेटोळी बघत होता, पण त्यांच्याविषयी कधी त्याने विचारलं नव्हतं. म्हातारे बोटांनी चाचपत एकेकावर थांबले.

"ह्यो पोस्टमनाचो. घाईत होतो, म्हणान आखूड झालो... ह्यो शेवंती म्हावरेवालीचो. ती बडबडता, दोर मऊ येता... ह्यो कोणाचो म्हायत नाय. वाट चुकान इल्लो."

भार्गवच्या तेव्हा लक्षात आलं. म्हाताऱ्याला दोर लागला की तो धागे ताणून दारात बसे आणि वाटेने जो येईल त्याच्या हातात दुसरं टोक देई.

"आणि कोणी आलंच नाही तर?"

"बसान रवतंय."

"किती वेळ?"

तांडेलांचा हात शेवटच्या, रिकाम्या खुंटीवर येऊन थांबला. त्यांच्या चुलीपाशी एकच ताट होतं, एकच पेला. पावसाळ्यात या वाटेला चार चार दिवस कुत्रंही फिरकत नाही, हे भार्गवला ठाऊक होतं. पहिल्यांदाच त्याला त्या खुंट्यांची भीती वाटली. त्याच्या घरी खुंट्याही नव्हत्या.

तांडेलांनी कोनाड्यातून सुताची गुंडी काढली, तीन धागे एकत्र केले आणि एक टोक भार्गवच्या हातात दिलं. अंगणाच्या पार टोकाला माडाखाली त्याला उभं केलं. स्वतः दारात बसले आणि आपल्या टोकाला लाकडी आकडा लावून तो फिरवू लागले.

"दोरान ओढल्यान की पुढे ये. त्याच्या आदी नको, मागसून नको."

भार्गव उभा राहिला. सुरुवातीला काहीच कळेना. मग चिमटीत किंचित ओढ लागली, एखादं लहान मूल बोट धरून ओढतं तेवढीच. सवयीने त्याने पाय रोवले आणि टोक घट्ट धरलं. दारातला आकडा थांबला.

तांडेल आकडा धरून नुसते थांबले.

भार्गव एक पाऊल पुढे आला. आकडा पुन्हा फिरू लागला.

पीळ चढत गेला तसा धागा आखडत गेला आणि त्याच्यामागून भार्गव पाऊल पाऊल येत गेला. निम्मं अंगण सरलं तेव्हा तांडेलांनी आकडा दाराच्या कडीला अडकवला, धागा चाचपत जाऊन त्याच्या मधोमध जाळ्याचा शिशाचा मणी लावला आणि परत येऊन, आपलं टोक हातात घेऊन, जवळ ये म्हणून मान हलवली. दोघांची टोकं जवळ जवळ येत गेली, मधला मणी खाली लोंबकळून आपोआप गरगरू लागला आणि धागा स्वतःवरच वळून त्याचा दोर होत गेला. अखेर भार्गवची चिमूट तांडेलांच्या चिमटीला टेकली.

एवढ्या जवळ त्याच्या कोणी येऊन किती वर्षं झाली, ते त्याला आठवेना. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतला सायीसारखा पडदा दिसत होता, तंबाखूचा वास येत होता. मणी संथ होत होता. तो थांबू नये असं भार्गवला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

मणी थांबला.

तांडेलांनी दोर सोडून हातावर घेतला. तो वळवळला नाही, तळव्यावर निवांत पडून राहिला. भार्गवने हात पुढे केला. हाच दोर हवा होता. हा चढवला तर डोलकाठी वाकणार नाही, भिवाला नाव ठेवायला जागा राहणार नाही.

म्हाताऱ्याने दोराचं वेटोळं केलं आणि रिकाम्या खुंटीला अडकवलं.

"ह्यो माझो. तुझो तू घराकडे वळ."

"घरी कोण आहे काका?"

"रवळप्रसादाचो दोर तुमच्या आंगणात वळत. तू ह्या टोकाक... दुसऱ्या टोकाक कोण असायचो?"

भार्गव मचव्याकडे बघत राहिला. काथ्याने सोललेले दोन लहान तळवे त्याला आठवले. दोर वळून झाला की भिवा टोक सोडायचा नाही, हसत हसत थेट त्याच्या अंगावर येऊन आदळायचा. ते अंगण आता गडग्याने कापलेलं होतं आणि तीन इंची खिळा ज्या खांबात ठोकला होता, तो खांब गडग्याला लागूनच होता.

"...भिवा."

तांडेलांनी सुताची गुंडी त्याच्या ओंजळीत ठेवली.

ओहोटी पार उतरली. भार्गवचा बोटीवरचा, शहरातला आवाज कुठे गेला कोण जाणे. तो बोलला ते खाली बघून, लहानपणीच्या बोलीत.

"तो येवचो नाय, काका."

"मग तू चल. दोर आखडतलो. खंयच्या टोकान पाऊल टाकल्यान... ता दोर इचारणा नाय."