बिनदिव्याचा स्वयंपाक

"मग आता आणखी काय सोडू, बाबा?"

त्र्यंबक हिंगमिरे गुरुजींनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या स्वरात शंका कमी आणि ऐट जास्त होती.

गावाबाहेरच्या माळावर अमीनबाबा फकिरांची झोपडी होती. बाबा दारात बसून फाटक्या वाकळेला टाके घालत होते. त्यांनी सुई थांबवली.

"आतापर्यंत काय काय सोडलंत, मास्तर?"

गुरुजी याच प्रश्नाची वाट बघत होते. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी चहा सुटला, दुसऱ्या वर्षी साखर. सायकल विकून ते पायी फिरू लागले. घरी येणारं वर्तमानपत्र बंद करून वाचनालयात जाऊन वाचू लागले. दोन सदऱ्यांवर वर्ष निघत होतं, आणि निम्म्याहून जास्त पेन्शन बँकेत तशीच पडून राहत होती. हिंगमिरे गुरुजींसारखं साधं राहावं, असं गावात कुणी म्हणालं आणि ते कानावर आलं, की त्या दिवशी गुरुजींना दोन घास जास्त जात.

बाबांनी सगळं अगदी कान देऊन ऐकलं.

"साखर सुटताना जड गेलं असेल?"

"आठ दिवस. नंतर काही नाही."

"आणि सायकल?"

"ती जरा जास्त..."

गुरुजींना नवल वाटलं. एक तर हा माणूस पाठ थोपटेल, नाहीतर आणखी कडक नेम सांगेल, असं धरून ते आले होते. हा तर पहिलीतल्या पोरासारखा प्रश्नच विचारत होता.

"साठवता कशासाठी, मास्तर?"

"अडचणीच्या वेळेसाठी. माणसानं हात राखून असावं."

"खरं आहे." बाबांनी मान डोलावली. "ती वेळ आली, हे कळणार कसं?"

गुरुजी हसले. "अडचण आल्यावर कळत नाही होय, बाबा?"

"कळतं?"

बाबांनी हे अगदी मनापासून विचारलं.

सुईत नवा दोरा ओवत बाबा म्हणाले, "घरी आणखी कोण?"

"मी आणि आमची मंडळी. मुलगी सासरी असते. मंडळी आल्यात ना बरोबर. त्या काय, लिंबाखाली बसल्यात."

बाबांनी तिकडं पाहिलं. लिंबाच्या सावलीत अनसूयाबाई मांडी घालून बसल्या होत्या. तोंड माळाकडं, हात मांडीवर.

"त्यांनी काय सोडलं?"

"मी सोडलं ते सगळं." गुरुजींचा आवाज चढला. "खरं सांगायचं तर ती आता माझ्याही पुढं गेली, बाबा. चार महिने झाले, संध्याकाळचा स्वयंपाक ती दिवा न लावता करते. मी एकदा लावायला गेलो तर नको म्हणाली. मला नाही जमलं हे."

"अंधारात?"

"अंधारात."

"चटके बसत नाहीत?"

"बसतात अधूनमधून. वयानं माणूस वेंधळं होतं जरा..."

बाबांनी वाकळ बाजूला ठेवली आणि ते आत गेले. बाहेर आले ते ताकाचा वाडगा घेऊन. अनवाणी पावलांनी, जराही आवाज न करता, ते लिंबाखाली गेले आणि त्यांनी वाडगा अनसूयाबाईंच्या पुढ्यात धरला.

बाई माळाकडं बघतच राहिल्या.

बाबा वाडगा धरून उभे राहिले...

"अगं, घे की!" गुरुजी लांबूनच ओरडले. "बाबा ताक देतायत."

बाई दचकल्या, हसल्या. त्यांनी दोन्ही हात पुढं केले. हात वाडग्याच्या वीतभर बाजूनं गेले आणि हवेतच चाचपडत राहिले.

गुरुजी उठून लिंबाखाली आले.

"किती दिवस झाले, माई?" बाबांनी विचारलं.

"दिवाळीपासून वाढलंय." बाई अजून हसतच होत्या. "दिवा लावला की डोळ्यांपुढं नुसता पांढरा धूर येतो. त्यापेक्षा अंधार बरा. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, मोतीबिंदू आहे, ऑपरेशन केलं की दिसेल."

"मास्तरांना बोलला नाहीत?"

"ते एवढं पोट मारून साठवतात. म्हटलं, अडचणीला लागतील ते पैसे..."



येताना माळाच्या वाटेवर बाईंनी गुरुजींच्या पिशवीचा बंद धरला होता. "पिशवी ओढू नकोस, पाय उचल," असं गुरुजी दोनदा म्हणाले होते. ते आता त्यांना आठवलं. स्वयंपाकघरात भिंतीवरून फिरणारा तिचा तळवा आठवला. हे सगळं त्यांनी रोज पाहिलं होतं.

त्यांनी बाबांच्या हातून वाडगा घेतला. खाली बसून तो बायकोच्या हातात दिला आणि तिची बोटं त्याच्याभोवती नीट मिटवली. थोडं ताक तिच्या पदरावर सांडलं.

"असू दे," बाई म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी गुरुजींनी बँकेतून पैसे काढले आणि दोघं शहरात गेली. आधी एक डोळा झाला, महिन्याभरानं दुसरा. दुसरी पट्टी सुटली तेव्हा बाई नवऱ्याकडं कितीतरी वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "केवढे वाळलात हो तुम्ही!"

त्यानंतर एका सकाळी दोघं पुन्हा माळावर आली. या वेळी बाई पुढं होत्या, गुरुजी मागं.

"अगं बाई, बाबांची दाढी पांढरी आहे होय!" त्या दारातच म्हणाल्या. "आवाजावरून मला काळी वाटली होती."

बाबा खळखळून हसले. बाई झोपडी न्याहाळू लागल्या. कोपऱ्यातली चूल, एक मडकं, दोरीवरची वाकळ. वाकळेचे टाके त्यांनी वाकून पाहिले आणि नाक मुरडलं.

गुरुजी खाली बसले. बराच वेळ बोटानं जमिनीवर रेघा ओढत राहिले.

"बाबा, एकदा नेमकं सांगून टाका. किती खर्चावं, किती राखावं?"

त्यांनी ओढलेल्या रेघा तळव्यानं पुसल्या.

"मी आपलं इतकी वर्षं लांबूनच तुमच्याकडं बघून शिकत होतो. तुम्हाला हे इतक्या थोडक्यात भागवता येतं, मग माझंच कुठं चुकलं?"

"मला कशाला विचारता, मास्तर?" बाबा म्हणाले. "माझ्या घरात दुसरं कोणी नाही."