साठ टक्के पाणी

"काच रिकामी दिसतीय, मग पडद्यावर साठ टक्के पाणी कुठनं आलं, साहेब?"

खरवंडीकर हसले. "काच जुनी झाली, उस्ताद. तुमच्यासारखीच."

साखर कारखान्याचं बॉयलरघर होतं. काचेतली पाण्याची पातळी बघत दस्तगीर उस्तादांनी इथे तीस हंगाम काढलेले. उद्या गळीत सुरू होणार, आणि काचेपाशी माणूस नको. खरवंडीकरांचा संगणकच सेन्सरवरून पाणी बघणार. पाणी संपलेलं कळलं नाही तर बॉयलर फुटतो. खाली अकरा माणसं राबतात. आज बॉयलर थंड होता, नुसती चाचणी होती, म्हणून हसू तरी येत होतं.

खरवंडीकर म्हणजे सव्वीस वर्षं प्रोग्राम लिहिणारा माणूस. चूक दाखवणाऱ्याला आधी डिग्री विचारायची, ही त्यांची रीत.

उस्तादांनी बॉयलरचं झाकण उघडलं. "हात घाला."

खरवंडीकरांचा हात खांद्यापर्यंत गेला... कोरडा ठणठणीत.

"सेन्सर बिघडलाय!"

"तो बिचारा शून्यच सांगतोय." उस्तादांनी सेन्सरवरचा आकडा दाखवला.

खरवंडीकरांनी प्रोग्राम उघडला. एकच ओळ. आलेली पातळी, पुढे दोन उभ्या रेघा, पुढे साठ. पातळी आलीच नाही तर साठ धर, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण त्या रेघा शून्यालाही 'आलीच नाही' समजतात. तिथे दोन प्रश्नचिन्हं हवी होती. ती शून्याला शून्य म्हणून जाऊ देतात.

त्यांना आपले जुने प्रोग्राम आठवले. सव्वीस वर्षं हीच सवय... किती ठिकाणी?

त्यांनी रेघा पुसल्या, प्रश्नचिन्हं टाकली. पडद्यावर शून्य उमटलं. पाणी संपल्याचा भोंगा कोकलला.

"सुटलो, उस्ताद!"

उस्ताद सेन्सरपाशी गेले आणि त्याची वायर उपटून काढली.

भोंगा गप्प झाला.

पडद्यावर साठ.

खरवंडीकर उस्तादांच्या हातातल्या वायरीकडे बघत राहिले, मग आकड्याकडे, मग पुन्हा वायरीकडे...

"काहीच आलं नाही, तर... काहीतरी दाखवावं लागतंच ना?" आपला आवाज त्यांना परका वाटला.

उस्तादांनी वायर त्यांच्या तळहातावर ठेवली.

"'ठाऊक नाही' असं लिहायची खूण कुठली, साहेब?"