बाचं ओझं कुणाच्या माथी

निळ्या-हिरव्या खाडीकाठी एक टेकडी होती आणि टेकडीच्या माथ्यावर होता एक मोठा दिवा. तिन्हीसांजेला तो लागला, की दूरदूरच्या होड्यांना घराची वाट दिसे. दिवा लावायचं काम तुळसाच्या बाचं, म्हणजे धाकूचं. पण तेलाची बुधली सांभाळत रोज टेकडी चढायची, ती मात्र इवलीशी तुळसा.

तुळसाची आई देवाघरी गेली, तेव्हापासून बा ओसरीवरच बसून असे. होडीवाले मायेने गूळ-नारळ आणून देत. बा त्याचे घारगे तळी आणि आईची आठवण आली की एकेक तोंडात टाकी. चाळिशी उलटली, तसं पोट घागरीसारखं गरगरीत झालं. चार पावलं टाकली की त्याचा ऊर भात्यासारखा हाले.

"बा, तू बस. मी जाते," तुळसा म्हणे.

वैद्यांनी त्याला बजावलं, "धाकू, एवढं ओझं तुझ्या काळजाला पेलायचं नाही." दाराआडून ते ऐकलं आणि तुळसाचे चिमुकले डोळे डबडबले.

त्या संध्याकाळी टेकडीवर सोनकीची पिवळीधमक फुलं डुलत होती. त्यातलं एक फूल हललं, लुकलुकलं आणि त्यातून एक बोटभर परी बाहेर आली. पंख चतुराचे, झगा मोरपिशी, केसांत दवाचे टपोरे मोती!

तुळसाने आधी तिचे पाय पाहिले. पाय सरळ होते. मग सावली पाहिली. सावलीही होती, इवलीशी, सोनेरी. तरी तुळसा दोन पावलं मागेच सरली.

"भिऊ नकोस गं. माग काय हवं ते," परी म्हणाली.

"फुकट?"

"फुकट. पण नियम आहेत."

"वाटलंच मला!" तुळसा म्हणाली. तरी तिला राहवेना. "माझ्या बाचं पोट कमी करशील?"

"आत्ता करते, चुटकीसरशी! फक्त ते ओझं दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर टाकावं लागेल. तू नाव सांग."

"माझ्याच अंगावर टाक."

"मागणाऱ्याच्या अंगावर टाकता येत नाही. ती शेजारची भागीरथी तुला 'ढेरपोट्याची पोर' म्हणून चिडवते ना? तिचं नाव घे की."

क्षणभर तुळसाच्या ओठांवर नाव आलंसुद्धा. पण मग मनातल्या मनात तिला धापा टाकणारी भागीरथी दिसली आणि तिच्या पदराला धरून उभी असलेली तिची लहान-लहान पोरं दिसली.

"नको," तुळसा म्हणाली. "आणि असलं वाईट सुचवणारी तू परीच आहेस कशावरून?"

परी गालात हसली. "बरं, मग तुझ्या बालाच पाठव. मात्र त्याने आपल्या पायांनी यायचं. आणि तळणाचा, गुळाचा वास आला, तर मी दिसत नाही हं!"

घरी येऊन तुळसाने सगळं सांगितलं, तशा बाच्या भुवया वर गेल्या. "माझ्या पोरीला एकटीला गाठते? लोकांची नावं विचारते? परी कसली, चेटकीण असेल ती! बघतोच तिच्याकडे."

दुसऱ्या दिवशी बा काठी घेऊन निघाला. पहिल्या चिंचेपाशीच त्याचा जीव घशाशी आला. तो मटकन खाली बसला. "उद्या बघतो," म्हणाला आणि परतला.

पण संशय काही स्वस्थ बसू देईना. रोज थोडं थोडं चढायचं, बसायचं, परत फिरायचं. भरल्या पोटाने चढवेना, म्हणून घारगे सुटले. नाचणीची आंबील, पालेभाजी, मासळीचं कालवण आणि भूक थोडी शिल्लक असतानाच हात धुवायचे. मधे एकदा रुसून त्याने परात भरून घारगे तळले, खाल्ले आणि दोन दिवस ओसरीवरच बसला. एकदा तर कितीही चाललं तरी पोट तसूभर हलेना. "फसवतेय ती आपल्याला," बा कुरकुरला. तरी काठी उचललीच.

तुळसालाही घोर लागला होता. तिने परीला विचारलं, "माझ्या बाला वर बोलावून करणार काय आहेस?" परी नुसती हसली आणि फुलात लपली. तुळसाला ते हसू मुळीच आवडलं नाही.

पावसाळा सरला, थंडी सरली. आणि एका संध्याकाळी वारा पिसाटला. होड्या खाडीत हेलकावू लागल्या, पण टेकडीवर दिवा लागेना! तुळसा वाटेत घसरली होती, तिचा पाय मुरगळला होता.

अंधारी टेकडी पाहिली मात्र, बा धावत सुटला. चिंच मागे पडली, कातळ मागे पडला, तो कुठेच थांबला नाही. रडणाऱ्या तुळसाला त्याने पाठुंगळी घेतलं, बुधली उचलली आणि थेट माथा गाठला. भप्पकन दिवा पेटला! खाली एकेक होडी काठाकडे वळली.

त्या उजेडात परी झगमगत उभी होती. बाने चटकन तुळसाला पाठीशी घातलं. "माझ्या लेकीला हात लावशील तर याद राख! आणि सांग, कुणाच्या अंगावर टाकलंस माझं ओझं?"

बाने स्वतःकडे पाहिलं. पोट केव्हाच उतरलं होतं. एवढा धावला, तरी छाती संथ चालत होती.

"कुणाच्याच नाही," परी म्हणाली. "तुझ्या लेकीने कुणाचं नावच घेतलं नाही. ते ओझं तूच वाटेवर थोडं थोडं सांडत आलास."

"मग तू काय केलंस?"

"तुला संशय येईल, एवढंच!" परी घुंगरासारखी खुदखुदली. मग तिचा आवाज मऊ झाला. "तुळसा, दुसऱ्याला ओझं न देणाऱ्या मुलीची इच्छा वाया जात नाही. तुझी अजून शिल्लक आहे."

तुळसाने डोळे बारीक केले. "यालाही नियम?"

"एकच. आता स्वतःसाठी माग."

तुळसा हळूच म्हणाली, "मला संध्याकाळी पोरींबरोबर वाळूत खेळायचंय."

बाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "अगं, हे परीकडे काय मागतेस, बाय? उद्यापासून तेल मीच आणणार."

परीचे पंख लखलखले. टेकडीभर पिवळी, केशरी, गुलाबी किरणं उधळली, आणि त्या उजेडातच ती विरून गेली.

पाय बरा झाल्यावर तुळसा वाळूत खेळायला गेली. ओल्या वाळूत लंगडीचा डाव रंगात आला होता. तेवढ्यात वर दिवा लागला, आणि तुळसाने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.