शेवटच्या पानावरची जागा

मुलांनो, आणि मुलांच्या आजोबांनो, तुम्हीही ऐका. पोथ्या बोरूनं लिहायच्या आणि पिढ्यान् पिढ्या पुरवायच्या, त्या काळातली ही गोष्ट.

एका टेकडीवरच्या गढीत एक सरदार राहत होता. कुणाला घोड्यांचा नाद असतो, कुणाला पागोट्यांचा; याला नाद होता जुन्या पोथ्यांचा. त्यातही पोथीपेक्षा तिच्या शेवटच्या पानाचा! कारण त्या राज्यात एक रीत होती. पोथी ज्याच्या हाती येई, तो शेवटच्या पानावर आपलं नाव लिही आणि पोथीचं आपण काय केलं, तेही एका ओळीत लिही. एखाद्या पानावर राजगुरूचं नाव सापडलं, की सरदार जेवणखाण विसरून नाचायचा. मग पोथी रेशमी रुमालात बांधून पेटीत ठेवायचा आणि वर भलंमोठं कुलूप. पहिलं पान कधी उघडलं असेल तर शपथ!

एके सकाळी बातमी आली. डोंगरापलीकडे एका म्हातारीजवळ जमिनीखालचं पाणी शोधण्याची पोथी होती आणि तिच्यावर खुद्द जुन्या राणीचं हस्ताक्षर होतं! सरदाराच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पागोटं धड न बांधताच त्यानं घोड्यावर मांड ठोकली.

म्हातारीनं पोथी समोर ठेवली. सरदारानं थेट शेवटचं पान उघडलं. सगळ्यांत वर राणी: 'हिच्या आधारानं नगराला तळं दिलं.' तिच्याखाली एक गोसावी: 'घाटात वाटसरूंसाठी विहीर झाली.' मग म्हातारीचा नवरा: 'गावाचं पाणी गावातच सापडलं.' त्याखाली जेमतेम एका ओळीची जागा.

"आजी, काय हवं ते मागा!" सरदार म्हणाला.

"मला काही नको, बाबा. माझे डोळे गेले. पोथी वापरत्या हातात जावी, एवढंच. जागा एकाचीच उरलीय, तेव्हा खोटं काही लिहू नका."

"काळजीच सोडा, आजी. जिवापाड जपेन!"

"जपा हो, जपा," म्हातारी हसली.

घरी येताच सरदारानं उत्तम शाई घोटली. राणीच्या पानावर आपलं नाव! त्यानं बोरू बुडवला, आणि हात अडला. लिहायचं काय? 'पेटीत ठेवली'? राणीच्या तळ्याखाली हे? छे! 'कुलूप लावलं'? ते तर त्याहून वाईट. बोरूवरची शाई वाळून गेली.

दुसऱ्या कुणाची ओळ उचलावी म्हणून त्यानं पेटी उघडली. रुमालातून कागद खाणारी एक चकचकीत कसर बाहेर आली.

"अडलात का, सरदार? माझं नाव लिहा की! तुमच्या सगळ्या पोथ्यांचं पानन् पान मीच तर कुरतडून पाहिलंय. तुम्ही एक तरी उघडलीत का?"

सरदारानं रुमालामागून रुमाल सोडले. राजगुरूच्या पोथीची चाळण झाली होती. त्याला रडूच आलं. डोळे पुसत तो खिडकीशी गेला, तर खाली वाडीतल्या बायका डोक्यावर घागरी घेऊन लांबच्या नदीवरून येत होत्या. त्या रोजच तशा येत होत्या. त्यानं आज पाहिलं.

त्यानं राणीच्या पोथीचं पहिलं पान उघडलं आणि मग खाली ठेववेना. उंबर कुठे आहे पाहा, त्याच्याजवळ वारूळ आहे का पाहा, असं त्यात लिहिलं होतं. अरे, असा उंबर तर टेकडीच्या पायथ्याशीच होता! कुदळ घेऊन तो धावत सुटला.

"सरदारांना आता मातीचा नाद लागला," लोक हसले. पण हसता हसता तेही खणू लागले. कित्येक दिवस नुसते दगड. मग ओली माती. आणि एका दुपारी झुळझुळ झरा!

"लागलं, लागलं!" ओरडत सरदार चिखलानं माखलेल्या अंगानंच गढी चढला आणि लिहू लागला: 'हिच्यामुळे गढीखालच्या वाडीला पाणी मिळालं.' आनंदाच्या भरात अक्षरं एवढी मोठी आली, की नावाला जागाच उरली नाही. सरदार पानाकडे बघत राहिला आणि खदखदून हसला.

त्या दिवसापासून पेट्यांची कुलपं निघाली. ज्याला हवी त्यानं पोथी न्यावी, वाचावी, आपली ओळ लिहावी. कसरीचे मात्र हाल झाले. रोज उघडणाऱ्या पोथीत तिचा निभाव लागेना.

तात्पर्य: पोथी पेटीत ठेवणाऱ्याची नसते, उघडून कामी आणणाऱ्याची असते.