सुखावतीचा पाहुणा

एका राज्यात नवा राजा गादीवर बसला आणि त्याला पांढऱ्या रंगाचं वेड लागलं. त्याच राज्यात केरबा नावाचा एक रंगारी राहत होता. एवढ्यावरूनच केरबाचं पुढे काय झालं असेल ते कळावं. राजा पांढरं नेसला, राजाचं बघून प्रधान नेसला, प्रधानाचं बघून सगळी प्रजा नेसली, आणि केरबाच्या दारातली रंगाची पिंपं कोरडी पडली. शेवटी त्याने बायकोला, राहीला सांगितलं, "आता परदेश गाठायचा." राही गरोदर होती. पण पोटापाण्यासाठी दुसरा उपाय नव्हता.

केरबा मोठा चोखंदळ. वांगी घ्यायची तरी सगळा बाजार पालथा घालणारा. मग शहर निवडायचं म्हटल्यावर काय विचारता. "जन्माचा प्रश्न आहे," तो म्हणाला, "परक्या माणसाला सगळ्यात चांगलं वागवणारं शहर शोधू आणि तिथेच घर करू." जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारत सुटला. समुद्रापलीकडे रंगाऱ्यांना भरपूर काम देणारी दोन शहरं आहेत, असं त्याला कळलं. एक खारबंदर, दुसरं सुखावती.

खारबंदर आधी लागलं. गलबतातून उतरून दोघं पाणवठ्यावर पाणी प्यायला गेली. तिथे एका म्हातारीने केरबाला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाली, "उद्या सकाळी तळ्यातला गाळ काढायचा आहे. घरटी एक माणूस. टोपली आपापली आणायची."

"आजी, मी आजच आलोय," केरबा म्हणाला.

"पाणी पण आजच प्यायलास ना?"

केरबाला राग आला. बाजारात लोक त्याच्या मोडक्यातोडक्या बोलण्याला हसले, तेव्हा आणखी आला. कपडे वाळत घालायच्या दोरीवरून एक बाई राहीशी कडाकडा भांडली. संध्याकाळी तीच बाई येऊन चांगली सुईण कुठे राहते ते सांगून गेली, पण तोवर केरबाचं मन उडालं होतं. आल्या पावली माणसाला कामाला जुंपणारं हे कसलं शहर, असं म्हणत त्याने बोचकं उचललं.

सुखावतीची गोष्टच वेगळी. वेशीवर पाय धुवायला ऊन पाणी होतं, कपाळाला गंध होतं, गळ्यात हार होता. खुद्द नगरशेठ सामोरा आला. "आमच्याकडे परका हा शब्द नाही," तो म्हणाला. "बाहेरून आलेल्याला आम्ही पाहुणा म्हणतो, आणि जन्मभर पाहुण्यासारखाच ठेवतो." पाहुण्याला कर नाही. पाहुण्याला गाळ उपसणं नाही, रात्रीची गस्त नाही. कुठल्याही पंगतीत पहिला पाट त्याचा. केरबा विरघळला.

राही मात्र म्हणाली, "मला खारबंदर बरं वाटतं. तिथे ती बाई माझ्याशी भांडली."

"भांडली म्हणून बरं?"

"हो. उद्याही मी तिथेच असणार, असं धरून भांडली."

केरबा हसला. बायकांच्या बोलण्याला हसायची त्याला सवयच होती. दोघं सुखावतीत राहिली.

त्याचं बस्तान छान बसलं. सुखावतीच्या लोकांना रंगांचा शौक होता. शेजारी सोमदत्त नावाचा एक गृहस्थ होता, मनाने लोण्यासारखा. सणाला पहिला लाडू तो केरबाकडे पाठवी. या सोमदत्तावर केरबाचा फार जीव जडला. सोमदत्त स्वतःच्या भावाशी भिंतीवरून मोठमोठ्याने वाद घाली, पण केरबाशी बोलताना त्याचा आवाज कधी चढला नाही. केरबाला याचा अभिमान वाटे.

पुढे सोमदत्ताच्या मुलीचं लग्न निघालं. केरबाने हौसेने बाह्या सरसावल्या आणि आमटीची बादली उचलली. सोमदत्ताने ती हलकेच त्याच्या हातून काढून घेतली आणि त्याला नेऊन पहिल्या पाटावर बसवलं. शेजारपाजारचे सगळे घाम पुसत वाढत होते, एकमेकांवर ओरडत होते, सांडलवंड करत होते. केरबा एकटा मान खाली घालून जेवला. जिलबी चांगली झाली होती.

केरबाला मुलगी झाली होती, मैना. सुखावतीतच जन्मलेली, तिथल्याच बोलीत चुरूचुरू बोलणारी. एकदा ती लपंडाव अर्ध्यावर सोडून रडत घरी आली.

"बाबा, माझ्यावर राज्य येतच नाही. मी सापडले तरी म्हणतात, हिला धरायचं नाही, ही कच्चं लिंबू आहे."

"लहान आहेस म्हणून," केरबा म्हणाला.

"माझ्याहून लहान मुलांवर येतं. ते म्हणतात, तू पाहुण्यांची."

राहीने केरबाकडे पाहिलं. केरबाने रंगाच्या पिंपाकडे पाहिलं. त्या दिवशी त्याच्या मनात पहिल्यांदा सलायला लागलं. आपलं आणि आपल्या पोरीचं हे गाव व्हावं, एवढीच त्याची आता इच्छा होती. पण ती मागायची कुणाकडे? पाहुणचार कमी करा, असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

एकदा बोलताबोलता त्याच्या तोंडून निघून गेलं की, गल्लीतल्या गटाराला वास येतो. झालं. दुसऱ्या दिवशी नगरशेठ मिठाईचं ताट घेऊन दारात. हात जोडून म्हणाला, "आमच्या पाहुणचारात काही उणं राहिलं का?" गटार साफ करणाऱ्याला केरबाच्या देखत बोलणी बसली. केरबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवायला बोलावलेल्याने भाजीत मीठ कमी आहे म्हणू नये, अशी त्याने मनाशी गाठ मारली. ही गाठच पुढे नडली.

शहराच्या वरच्या अंगाला मोठं तळं होतं. त्याच्या बांधातून पाणी झिरपे आणि खाली एक नितळ ओहोळ वाही. केरबा तिथेच कापड धूत असे. एका सकाळी त्याने पांढरं कापड पाण्यातून काढलं ते पिवळट निघालं. दुसऱ्या दिवशी जास्त पिवळं. पाण्यात माती येत होती, आणि माती बांधाच्या पोटातून येत होती. हे कळायला काही शहाणा माणूस लागत नाही. पण इतक्या सकाळी तिथे केरबाशिवाय कुणी येत नसे.

"जाऊन सांगा," राही म्हणाली. "निदान सोमदत्तभावजींच्या कानावर घाला."

केरबा गेला. सोमदत्त ओसरीवरच होता. त्याने लगबगीने बैठक अंथरली, सरबत मागवलं आणि आपुलकीने विचारलं, "सगळं ठीक आहे ना? आमच्या शहरात काही कमी नाही ना?"

केरबाच्या ओठांवर शब्द आले होते. त्याला मिठाईचं ते ताट आठवलं, जोडलेले हात आठवले. यांच्या बांधाला यांच्याच ओसरीवर बसून नाव कसं ठेवायचं? त्यांचं तळं, त्यांचा बांध, त्यांना कळत नसेल का? तो म्हणाला, "सगळं छान आहे." सरबत पिऊन घरी आला. उद्या सांगू म्हणाला, परवा सांगू म्हणाला.

आणि एका दुपारी बांध फुटला.

सोमदत्त बांधाखाली बांधलेली गाय सोडवायला धावला होता. पाण्याने गाय नेली आणि सोमदत्तालाही नेलं. त्याचा देह खाली बाभळीत अडकलेला सापडला.

दिवस मावळायच्या आत सगळं गाव देवळासमोर गोळा झालं. जो तो दुसऱ्यावर तुटून पडत होता. गस्त कुणाची होती, डागडुजी कुणी टाळली, पैसे कुणी खाल्ले. सोमदत्ताचा भाऊ तर एकाच्या अंगावर धावून गेला. केरबाला ते पाहवेना. तो उभा राहिला.

"मी पाहिलं होतं," तो म्हणाला. "पाण्यात माती येत होती. कितीतरी दिवस पाहत होतो. सोमदत्ताच्या ओसरीवर जाऊनसुद्धा मी बोललो नाही. दोष माझा आहे."

सगळे त्याच्याकडे वळले. केरबा वाट पाहत राहिला. आता कुणीतरी आपली गचांडी धरील, शिव्या घालील, तोंडावर थुंकेल, असं त्याला वाटलं. खरं सांगायचं तर तीच त्याची आशा होती.

नगरशेठने हात जोडले. "पाहुण्यांनी मनाला लावून घेऊ नये. आमच्या बांधाशी तुमचा काय संबंध?"

सोमदत्ताच्या भावानेही मान हलवली. "तुमच्यावर कसला राग? तुम्ही पाहुणे." एवढं बोलून तो वळला आणि पुन्हा आपल्या माणसांवर ओरडू लागला.

आपल्याकडच्यासारखंच सुखावतीतही सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण नेऊन देतात. राहीने पिठलं-भाकरी केली. दोघं ती घेऊन सोमदत्ताच्या दारात गेली. तिथे आधीच गल्लीतल्या सगळ्या घरांच्या टोपल्या ओळीने मांडल्या होत्या. बायकांनी राहीची टोपली आत घेतली नाही. "तुम्ही कशाला त्रास घेतला," म्हणाल्या.

आतून सोमदत्ताच्या बायकोचा रडून बसलेला आवाज आला. ती जावेला सांगत होती, "अगं, आलेल्यातलं आधी पाहुण्यांचं ताट वाढ. त्यांची चूल पाण्याने भिजली असेल. ते उपाशी राहायला नकोत."

ताट आलं. केरबाने ते दोन्ही हातांनी घेतलं. ज्या घरचा माणूस त्याच्या गप्प बसण्याने गेला होता, त्या घरचं ते पहिलं ताट होतं. तो ओसरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. तो का रडतो आहे हे राहीखेरीज तिथे कुणालाच कळलं नाही. सगळे म्हणाले, पाहुणे फार हळवे आहेत.

तात्पर्य: परदेशात राहायला शहर निवडताना तिथे मान किती मिळतो हे पाहू नये, आपल्याला काम सांगणारं आणि जाब विचारणारं तिथे कुणी आहे का, ते पाहावं. जिथे आपली चूकसुद्धा आपली धरली जात नाही, तिथे जन्म काढला तरी आपण परकेच राहतो.